चौगुलेबाईंच्या गुडघ्याची गळती

इंदुमती चौगुले यांनी डाव्या गुडघ्यात कॉर्टिझोनचं इंजेक्शन घेतलं, आणि त्यांचं दुखणं खालच्या मजल्यावर मोहोळकरांकडे गळायला लागलं.

मिरजेच्या हिमालय अपार्टमेंटमध्ये गळतीचं तसं कुणाला नवल नव्हतं. नाव हिमालय असलं तरी इमारत तीन मजल्यांची, अरुंद, बिनलिफ्टची. एका मजल्यावर एकच बिऱ्हाड. बिल्डरने ती सिमेंटपेक्षा आश्वासनांवर जास्त उभी केली होती. वरच्यांच्या न्हाणीतलं पाणी खालच्यांच्या देवघरात उतरायचं आणि देवांनाही त्याची सवय झाली होती. पण आजवर जे गळलं ते पाणी होतं. दुखणं पहिल्यांदाच गळत होतं.

इंदूताई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला होता आणि गुडघा घरीच होता. तरुणपणी त्या जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायच्या. एका अंतिम सामन्यात समोरच्या दोघींनी त्यांचा घोटा धरला आणि तिसरी सरळ गुडघ्यावर बसली. तरी इंदूताईंनी हात लांबवून मध्यरेषेला बोट लावलंच. तीन गडी बाद झाले आणि एक गुडघा. पुढे संसारात तो बरी वीसेक वर्षं गप्प राहिला, मग पन्नाशीच्या आसपास बोलायला लागला आणि त्यानंतर त्याने तोंड म्हणून मिटलं नाही.

त्यांनी सगळं करून पाहिलं. निर्गुडीचा पाला बांधला, एरंडेल चोळलं, कुणी विजापूरकडून उंटाच्या चरबीचं म्हणून मलम आणलं तेही लावलं. एका महाराजांचा अंगारा लावला. त्याने गुडघा तेवढा राखाडी झाला. शेवटी त्या डॉक्टर आडमुठ्यांकडे गेल्या. मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, डॉक्टर चुकवत चालावं लागतं. त्यातल्या त्यात हाडांचे आडमुठे जिन्याशिवायच्या दवाखान्यात बसत, म्हणून त्या तिथे गेल्या.

डॉक्टरांनी साखर विचारली, फोटो पाहिला, गुडघ्याला तपकिरी औषध फासलं आणि वाटीच्या कडेने सुई घातली. "आता घरी जा, आपल्या बिछान्यावर दुपारची झोप काढा," ते म्हणाले. "तीन-चार महिने आराम पडेल."

इंदूताई झोपल्या. जाग्या होताना नेहमीप्रमाणे "आई गं" म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पाय वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. मग त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या, कारण उठावंसं वाटत नव्हतं आणि उठता येईल हे माहीत होतं.

त्या आठवड्यात इंदूताईंचं घरात लक्ष नव्हतं. त्या कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी लक्ष्मी मार्केटला पायी जात आणि येताना लांबच्या रस्त्याने येत. भजनी मंडळात त्या खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या, देवासाठी नव्हे, खुर्चीवर बसणाऱ्या बाकीच्या बायकांनी बघावं म्हणून. एकदा त्या गच्चीवर गेल्या. दोरीवर मोहोळकरांच्या चादरी वाळत होत्या. इंदूताईंनी पदर खोचला, दम धरला आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत चादरींवर चढाई केली. दोन चादरींना हात लावून, तिसरीला हुलकावणी देऊन त्या दम न सोडता परत आल्या. मागे नलिनी मोहोळकर रिकामी बादली घेऊन उभी होती.

"चालू द्या तुमचं," नलिनी म्हणाली. "आमचे हे मात्र तिकडे खुर्चीतून उठेनात."

प्रभाकर मोहोळकर सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस जगातल्या सगळ्या गोष्टींकडे त्या कुठून पाझरतात या दृष्टीने बघायचा. त्यांची आरामखुर्ची नेमकी इंदूताईंच्या पलंगाखाली होती. इंजेक्शनच्या दुपारी पेपर वाचता वाचता त्यांच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी उतरलं आणि पेपर गळून पडला. आपल्याला गुडघा आहे हे त्यांनी आयुष्यात कधी मनावर घेतलं नव्हतं.

आठवडाभर वाट पाहून ते रेलिंग धरून वर आले. इंदूताईंनी दार उघडलं तेव्हा ते एका पायावर उभे होते.

"चौगुलेबाई, तुमच्याकडून गळती आहे."

"न्हाणी तर मी मागच्याच वर्षी करून घेतली."

"न्हाणी नाही. गुडघा."

इंदूताईंनी त्यांना आत घेतलं. बसताना मोहोळकरांनी आधी हाताने खुर्ची चाचपली, डावा पाय पुढे टाकला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "आई गं." त्यातला 'गं' खाली उतरून लांबला. इंदूताईंच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. असा 'गं' त्या घरात दुसरं कुणी काढत नसे; तो त्यांच्या सातारच्या माहेरचा होता.

"तुमच्या आई सातारच्या ना?" त्यांनी विचारलं.

"माझी आई अकोल्याची. आणि मी तिला 'अगं आई' म्हणायचो. हे 'आई गं' कुठून आलं ते मला कळत नाही, आणि म्हणूनच मी तक्रार घेऊन आलोय."

दोघं रिक्षाने आडमुठ्यांकडे गेले. डॉक्टरांनी मोहोळकरांचा गुडघा हातात घेतला, वाटी हलवली, आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि मान डोलावली.

"चौगुलेबाईंचंच आहे," ते म्हणाले. "मी ओळखतो याला. वळताना आधी आत जातं, मग बाहेर येतं."

"म्हणजे हे असं होतं?" मोहोळकरांनी विचारलं.

"दुखणं काढलं की ते कुठेतरी जाणारच. बहुतेकांचं अंगणात जातं. तुमच्याकडे अंगण नाही."

"मग मी माझ्या बहिणीकडे जाऊन झोपले असते तर?" इंदूताईंनी विचारलं.

"उपयोग नाही. एक पेशंट मेव्हणीकडे जाऊन झोपला होता. दुखणं त्याच्या स्वतःच्या घरातूनच खाली गेलं. जिथलं रेशनकार्ड, तिथून खाली, हाच नियम दिसतो. आणि खाली जे कोणी असेल त्याला. त्याचं रेशनकार्ड ते बघत नाही."

रिक्षात मोहोळकर गुडघा धरून बसले. इंदूताईंना वाईट वाटलं, पण फार नाही. मोहोळकरांनी पूर्वी त्यांच्या कुंड्या जिन्यातून काढायला लावल्या होत्या.

नलिनीने शांतीसाठी गुरुजी बोलावले. गुरुजींनी चौरंग मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि संकल्पापाशी अडकले. "दुखणं चौगुल्यांचं, गुडघा मोहोळकरांचा," ते म्हणाले. "गोत्र कुणाचं उच्चारायचं?" गुरुजींनी दोन्ही गोत्रं म्हणून टाकली आणि दक्षिणा एकाच घरातून घेतली. दुखण्याने दोन्ही ऐकली आणि ते होतं तिथेच बसलं.

मग पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. मोहोळकरांनी उभं राहून मुद्दा मांडला, अर्धा उभं राहून आणि उरलेला बसून. वरच्या सभासदाकडून खालच्या सभासदाकडे गळती झाल्यास दुरुस्ती वरच्याने करायची, असा नियम होता. त्यात पाणीच गळलं पाहिजे असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

"दुरुस्तीच तर केली मी," इंदूताई म्हणाल्या. "गुडघा दुरुस्त केला. त्यातून निघालेला कचरा कुठे जातो ते मी कसं सांगू?"

"कचरा माझ्या पायात आहे, बाई."

"मी तो दहा-बारा वर्षं ठेवला. एकदाही सभा बोलावली नाही."

यावर मोहोळकरांनी घड्याळ पाहिलं. सभा पुढे ढकलली. तत्त्वाचा प्रश्न आहे, आपण शेवटपर्यंत लढणार, असं ते जिन्यात सगळ्यांना सांगत राहिले आणि एके दिवशी कुणाला न सांगता आडमुठ्यांकडे जाऊन इंजेक्शन घेऊन आले. दुपारची झोप काढून उठले तेव्हा ते "अगं आई" म्हणाले, आणि नलिनीने सुटकेचा श्वास टाकला.

पहिल्या मजल्यावर यासीन मुल्ला राहत. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन्ही बाजूंना क्लच असलेल्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी बसून ते दिवसभर डाव्या पायाने मिरजेचा जीव वाचवत असत. त्या दिवशी ते दुपारी दिवाणावर आडवे झाले आणि संध्याकाळी एका बँक मॅनेजरला गाडी शिकवायला निघाले. भर चौकात मॅनेजरने क्लच सोडला, मुल्लांनी दाबायला पाय उचलला, आणि पाय म्हणाला, आज नाही. गाडी उसाच्या रसाच्या गाड्याला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. मुल्ला खाली उतरले, बोनेटला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आई गं."

रसवाल्याने विचारलं, "चाचा, तुम्ही तर अम्मी म्हणता ना?"

"ही माझी नाही," मुल्ला म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावरची आहे."

त्यांनी ना सभा मागितली, ना नियम काढला. पोट क्लचवर होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इंजेक्शन घेतलं. सुई घालण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "खाली कोण राहतं?" आता ते हे साखरेच्या आधी विचारू लागले होते.

"पार्लरवाली ज्योत्स्ना."

"तिला सांगितलंय?"

"सांगतो," मुल्ला म्हणाले, पण त्यांनी सांगितलं नाही. सांगायला म्हणून ते दोनदा पार्लरच्या दारापर्यंत गेले होते. आत बायका होत्या.

ज्योत्स्ना खाडे तळमजल्यावर भाड्याने राहायची. पुढच्या खोलीत तिचं 'रूपरंग' ब्यूटी पार्लर, मागच्या खोलीत संसार. नवरा टेंपो घेऊन बाहेरगावी असायचा. लग्नसराई ऐन भरात आलेली आणि नवऱ्यांच्या बहिणी, नवरीच्या मावश्या, सगळ्यांना एकाच सकाळी सुंदर व्हायचं होतं. हे काम उभ्याने करायचं. तिशी ओलांडलेल्या त्या मुलीच्या पायात एका माजी कबड्डीपटूचा साठी उलटलेला गुडघा येऊन बसला.

तीही आडमुठ्यांकडे गेली. डॉक्टरांनी औषध भरलं, गुडघा पुसला आणि विचारलं, "खाली काय आहे?"

"खाली काय असणार? पाण्याची टाकी."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "कुणाची?"

"सगळ्यांची. नळाचं पाणी आधी तिथे येतं, मग मोटरने वर चढवतात."

"मग मला देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ते पाण्यात उतरलं, वर चढलं, की प्रत्येकाच्या चहात येईल. तुम्ही गुडघ्याला पट्टा लावा."

ज्योत्स्ना पट्टा लावून परत आली आणि तिने कुणाला काही सांगितलं नाही. इंदूताईंना हे कळलं ते त्या केस रंगवायला खाली गेल्या तेव्हा.

खुर्चीत एक नवरी डोळे मिटून बसली होती. ज्योत्स्ना तिच्या पापणीवर रेघ ओढत होती. रेघ संपल्यावर ती कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. तिने आधी हाताने स्टूल चाचपलं, डावा पाय पुढे टाकला, डोळे मिटले, बसली आणि वाटीच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवून गोल गोल चोळू लागली.

इंदूताई दारातच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या या दुखण्याबरोबर राहिल्या होत्या, पण ते दिसतं कसं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मोहोळकरांकडे होतं तेव्हा त्या भांडणात होत्या. मुल्लांकडे ते टिकलंच नाही. आता त्यांनी नीट पाहिलं. ते फार म्हातारं दिसत होतं.

नवरी गेल्यावर ज्योत्स्नाने रंगाची वाटी कालवायला घेतली. "काकू, एक विचारू? पहाटे हे असं सुरी खुपसल्यासारखं करतं, ते का?"

"तुला उठवतं. उठायचं नाही. पाय लांब करायचा आणि टाच खाली दाबायची. मग परत झोपतं."

"आणि रात्री दही खाल्लं की?"

"दही त्याला चालत नाही. ताक चालतं, पण दुपारचं."

"पाहुणे बरे," ज्योत्स्ना म्हणाली. तिने ब्रश केसांना लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकू, हे तुमचं आहे म्हणून मी काही बोलले नाही. तुम्ही परवा जिना दोन-दोन पायऱ्या चढताना दिसलात. मला वाटलं, असू दे."

इंदूताईंनी आरशात पाहिलं नाही.

दुसरी सभा त्यांनीच मागितली. मोहोळकर आता दोन्ही पायांवर ताठ उभे होते आणि त्यांचं मत बदललं होतं.

"गळती म्हणजे एका सभासदाकडून दुसऱ्या सभासदाकडे," ते म्हणाले. "खाडेबाई भाडेकरू आहेत, सभासद नाहीत. शिवाय तळमजला. तळमजल्यावर गेलं की त्याला गळती म्हणत नाहीत, निचरा म्हणतात. आमच्या खात्यात निचरा झाला की काम पूर्ण समजायचे."

"आणि निचऱ्यात माणूस राहत असेल तर?" इंदूताईंनी विचारलं.

"त्याबद्दल परिपत्रक नव्हतं."

मुल्ला जमिनीकडे बघत होते. ज्योत्स्ना खांबाला टेकून उभी होती. तिला बोलायचा अधिकार नव्हता, पण सभा तिच्याच दारात भरली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी सांगलीला जाऊन इंजेक्शन घेते. तिकडचे डॉक्टर खाली काय आहे ते विचारत नाहीत."

सगळ्यांच्या नजरा जिन्याखालच्या लोखंडी झाकणाकडे गेल्या. नलिनीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने हळूच बाजूला ठेवला.

"थोडं थोडं सगळ्यांनी घेतलं तर बिघडलं कुठे?" मुल्ला म्हणाले. "वाटून जाईल."

"मी एकदा सबंध भोगलंय," मोहोळकर म्हणाले. "आता डाळीतून परत घेणार नाही."

"इतकं पातळ झालं की ते औषधच होतं," नलिनी म्हणाली. "माझे मामा होमिओपॅथ होते. त्यांचा पातळ आमटीवरही विश्वास होता."

"आणि टाकी रिकामी करून मग इंजेक्शन दिलं तर?" मुल्लांनी विचारलं.

मोहोळकरांनी मान हलवली. "रिकाम्या टाकीत थांबायला माणूस नाही. ते काँक्रीटमध्ये मुरणार. तिथून डाव्या खांबात. हा खांब आत्ताच कसा उभा आहे ते मला माहीत आहे. त्याचा गुडघा दुखायला लागला तर आपण सगळेच खाली."

सगळे डाव्या खांबापासून थोडे सरकले. ज्योत्स्नानेही पाठ काढून घेतली.

"टाकी कधी साफ करायची आहे?" इंदूताईंनी विचारलं.

"रविवारी. का?"

"मी आत जाऊन बसते. म्हणजे थांबायला माणूस होईल."

मोहोळकरांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणी तसं सांगितलेलं नाही."

"माझं आहे ते. परक्यांच्या घरात जाऊन पडतं, पहाटे लोकांना उठवतं, दही खाऊ देत नाही. माझीच लाज काढतंय ना?" त्या म्हणाल्या आणि सभा संपल्याचं कुणी जाहीर करायच्या आत जिना चढून गेल्या. जिना मात्र त्यांनी एक-एक पायरीच चढला. हळूहळू, जितका पुरेल तितका पुरवून.

रविवारपर्यंत त्यांची झोप उडाली होती. त्यांना भीती वाटत होती. दुखण्याबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला दुखण्याची भीती वाटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना दुखणं माहीत नसतं. सवय असते ती ते असताना. एकदा ते गेलं की त्याला परत बोलावणं म्हणजे आग विझवून झाल्यावर पुन्हा चुलीत हात घालणं. शनिवारी त्यांनी हैदराबादला फोन केला आणि मुलाशी हवापाण्याचं बोलल्या. तो म्हणाला, "गुडघा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "बाहेर गेलाय. उद्या येईल." त्याने हो का म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी टाकी उपसून, घासून, पुसून कोरडी केली. खाली माणूस बसणार म्हटल्यावर आडमुठेही घरी येऊन सुई द्यायला तयार झाले होते. इंदूताई साडीऐवजी मुलाची जुनी ट्रॅक पँट घालून खाली आल्या. मोहोळकरांनी आत एक स्टीलचं स्टूल सोडलं होतं, नेमकं ज्योत्स्नाच्या कॉटखाली येईल असं मापून. त्यांनी विजेरी दिली, नलिनीने पाण्याची बाटली दिली, आणि मुल्ला शिडी धरायला पुढे झाले.

"धरू नका," इंदूताई म्हणाल्या. "आत्ता गरज नाही."

त्या शिडीवरून सरसर उतरल्या. आत अंधार होता आणि फिनेलचा वास. त्यांचा श्वास चारी भिंतींवरून परत येत होता, जणू आणखी तीन बायका खाली येऊन बसल्या होत्या. वर गोल झाकणातून मोहोळकरांचं डोकं दिसत होतं. पाटबंधाऱ्याच्या कामावर देखरेख करताना जसा चेहरा करायचे तसा त्यांनी केला होता.

"डॉक्टर आले," ते म्हणाले. "सुई घातली." मग बराच वेळ काही नाही. मग, "झोपली ती. आता कधीही."

इंदूताई स्टुलावरून उठल्या. एकट्या डाव्या पायावर उभ्या राहिल्या, गुडघा वाकवला, सरळ केला. टाकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा परत येताना त्यांना वाटलं, पळून जावं, वर चढावं आणि सरळ रिक्षा करावी. त्यांनी शिडीला हातही लावला. मग वरून, काँक्रीटच्या पलीकडून, ज्योत्स्नाच्या घोरण्याचा बारीक आवाज आला. किती दिवसांनी झोपली असेल कुणास ठाऊक. इंदूताईंनी शिडी सोडली आणि त्या स्टुलावर जाऊन बसल्या.

ते आलं तेव्हा त्यांना लगेच कळलं. गावाहून परतलेलं माणूस जसं दार न वाजवता, कुणाला काही न विचारता, चपला काढून सरळ आतल्या खोलीत जातं, तसं ते आलं. आधी आत गेलं, मग बाहेर आलं, मग बसलं. इंदूताईंनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली.

वर पावलं वाजली. झाकणात मोहोळकरांच्या शेजारी ज्योत्स्नाचं झोपेने सुजलेलं तोंड आलं. ती झाकणापाशी गुडघे मोडून, खाली वाकून बसली होती, आणि आपण तशा बसलोय हे तिच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

"काकू, गेलं," ती म्हणाली.

"हो," खालून उत्तर आलं. "आलं."

त्यांना वर काढायला बराच वेळ लागला. डॉक्टर आडमुठ्यांनी तिथेच पार्किंगमध्ये गुडघा तपासला, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले, आणि तीन-चार महिन्यांनी हवं तर परत इंजेक्शन देता येईल असंही म्हणाले. मोहोळकरांनी घसा खाकरला.

"तेव्हा आधी सूचना द्या," ते म्हणाले. "म्हणजे नको म्हणून नाही. खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवता येईल."

"माझ्याकडेही थोडे दिवस चालेल," मुल्ला म्हणाले. "पावसाळ्यात शिकाऊ कमी असतात."

"लग्नं तुळशीच्या लग्नानंतर परत सुरू होतात," ज्योत्स्ना म्हणाली. "मध्ये माझ्याकडे ठेवा."

"बघू," इंदूताई म्हणाल्या. त्यांना एवढंच बोलता आलं.

मग तीन मजले चढायचे होते. त्या रेलिंगला धरून पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या. मुल्ला न सांगता डाव्या बाजूला आले आणि त्यांनी कोपराच्या वर, जिथे धरलं की भार हलका होतो नेमकं तिथे, धरलं. ज्योत्स्ना मागे आली आणि तिने कमरेच्या खाली तळहात लावला, ढकलायला नाही, नुसता टेकवून. पुढे मोहोळकर उलटे, तोंड खाली करून, दोन पायऱ्या वर उभे राहिले.

"घाई नको. आधी तो आत जाईल, मग बाहेर येईल," ते म्हणाले. "बाहेर आला की मगच पाय उचला."

"मला सांगताय?"

"माहीत आहे म्हणून सांगतोय."

त्या थांबल्या. गुडघा आत गेला, मग बाहेर आला. मुल्लांनी आणि ज्योत्स्नाने एकाच वेळी श्वास रोखला.

"आता," मोहोळकर म्हणाले. "उजवा."

इंदूताईंनी उजवा पाय वर ठेवला.